तार घालायची की प्लेट?

पाऊस सुरू झाला की परळ, लालबाग, गिरगावच्या चाळींतल्या गॅलऱ्या ओल्या, जिन्याच्या लाकडी पायऱ्या निसरड्या आणि बाहेरचा रस्ता कुठल्या ना कुठल्या कामासाठी खणलेला. पाय सटकतो, तोंड वाचवायला हात आपोआप पुढं जातो आणि अंगाचं सगळं वजन तळव्यावर येतं. मनगटाच्या दोन बोटं वर, अंगठ्याच्या बाजूला जे हाड असतं, डॉक्टर त्याला रेडियस म्हणतात, ते तिथं मोडतं. पन्नाशी-साठीच्या बायकांत हे फार. दहीहंडीच्या थरावरून पडलेल्या पोरांतही दिसतं आणि गाडी थांबण्याआधी दादरला उतरायला गेलेल्या माणसांतही.

एक्स-रे झाला की घरच्यांपुढं प्रश्न उभा राहतो. एक डॉक्टर म्हणतात तारा घालू, दुसरे म्हणतात प्लेट टाकू. शेजारच्या मावशींचं नुसत्या प्लॅस्टरवर भागलेलं असतं. ठाण्याचा पुतण्या फोनवरून सांगतो, 'काका, पैशाकडं बघू नका, बेस्टातलं बेस्ट करा.' आणि बेस्ट म्हणजे महाग, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. कुणी कर्ज काढतं, कुणी मंगळसूत्राच्या वाट्या गहाण ठेवतं.

मोडलेल्या हातांच्या माणसांबरोबर बरीच वर्षं काम केल्यावर मी इतकं ठामपणे सांगू शकते की मनगटाच्या बाबतीत महाग ते चांगलं हे समीकरण चालत नाही. काही मनगटांना प्लेट लागतेच, तिथं पैसे वाचवू नयेत. पण पुष्कळ मनगटं तारांवर तितकीच बरी होतात, आणि काहींना तारही लागत नाही. कोणतं मनगट कुठल्या गटातलं, हे ठरवणारा प्रश्न एकच आहे आणि तो विचारायला डॉक्टरकी लागत नाही: 'डॉक्टर, हाड बाहेरून ओढून जागेवर बसतंय का?'

या प्रश्नाकडं येऊच. त्याआधी पडल्यानंतरच्या पहिल्या तासाबद्दल, कारण तिथंच जास्त चुका होतात. त्या हातातल्या बांगड्या आणि बोटातली अंगठी ताबडतोब काढा. हात बघता बघता सुजतो. मग अंगठी बोटात रुतते आणि कॅज्युअल्टीत कापून काढावी लागते. खोबरेल किंवा साबणाचं पाणी लावून ती निघतेय तोवरच काढायची. सवाष्ण बाई बांगड्या उतरवायला कचरते, सासूबाई 'एक तरी राहू दे गं' म्हणतात. ती एक दुसऱ्या हातात राहू द्या. हाताखाली जाड पुठ्ठा घाला, ओढणीनं हात गळ्यात बांधा आणि निघा. चोळायचं नाही, तेल जिरवायचं नाही, 'जरा ओढून बघतो' म्हणणाऱ्या शेजाऱ्याला चहा पाजून बाजूला बसवा.

आमच्या गिरणगावात तालमींची परंपरा मोठी. वस्तादाकडून खांदा बसवून घेतलेली माणसं अजून आहेत आणि त्यांचा त्या हातावर विश्वास आहे. मुरगळण्या-लचकण्यापुरता त्या हाताला गुण असेलही. पण मोडलेल्या हाडावर बांबूच्या पट्ट्या करकचून बांधल्या आणि आतून सूज वाढत गेली की रक्त अडतं, स्नायू मरतात, बोटं कायमची आखडतात. असे हात मी पाहिलेत. त्यांचं पुढं कुणीच फारसं काही करू शकत नाही.

दवाखान्यांची आपल्या भागाला ददात नाही. केईएम, नायर, जे. जे. ही तर आहेतच. कामगार विम्याचं कार्ड असेल तर परळचं महात्मा गांधी रुग्णालय आहे. मूल पडलं असेल तर वाडिया. मुलांचं मनगट हा वेगळाच विषय आहे. त्यांची हाडं वाढती असतात, थोडं वाकडं जुळलेलं हाड वाढता वाढता पुष्कळदा सरळ होतं, त्यामुळं खाली जे लिहिलंय ते मोठ्यांपुरतं.

आता मधल्या वेळेविषयी. जखम होऊन हाड उघडं पडलं असेल, बोटं पांढरी किंवा गार पडली असतील, अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होत चालली असतील, तर त्याच रात्री उपचार हवेत, तिथं दुसरं मत घेत बसू नका. एरवी मात्र इतकी घाई नसते. हाड ओढून कच्चं प्लॅस्टर, म्हणजे स्लॅब, घातली की हात सुरक्षित असतो. सांध्याच्या पृष्ठभागापर्यंत तडा गेला असेल तर साधारण तीन दिवसांत आणि गेला नसेल तर आठवड्याभरात शस्त्रक्रिया व्हावी, असं ब्रिटनमधल्या हाडांच्या सर्जनांच्या संघटनेनं ठरवून दिलंय. म्हणजे 'आत्ता रात्री अकराला सही करा, नाहीतर उशीर होईल' असं कुणी म्हणालं तर शांतपणे विचारा की उशीर कशाला होईल. एक्स-रेची फिल्म घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला वेळ असतो. फिल्म तुमची आहे, ती मागून घ्या.

आता उपचार कोणकोणते, ते बघू.

पहिला, नुसतं प्लॅस्टर. हात बधिर करून हाड ओढून जागेवर आणायचं आणि पाच-सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये धरायचं. दोनशे वर्षांपूर्वी तर हाड ओढून बाहेरून बांधून ठेवण्यापलीकडं काही नव्हतंच. डब्लिनचे सर्जन अब्राहम कोलिस यांनी 1814 साली या फ्रॅक्चरचं वर्णन लिहिलं, तेव्हा एक्स-रेचा शोध लागायला अजून 81 वर्षं होती. नुसत्या बोटांनी चाचपून त्यांनी ते ओळखलं, आणि हाड वाकडं जुळलं तरी काही काळानं हात चांगला चालू लागतो, व्यंग मात्र जन्मभर दिसतं, हेही नोंदवून ठेवलं. आज त्यांच्याच नावानं याला कोलिस फ्रॅक्चर म्हणतात.

दुसरा, तारा. के-वायर हे नाव मार्टिन किर्शनर या जर्मन सर्जनांवरून पडलं, त्यांनी 1909 मध्ये ही पद्धत मांडली. साधारण दीड मिलिमीटर जाडीच्या दोन किंवा तीन पोलादी तारा, कातडीतूनच, एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत हाडात तिरक्या सारतात. मोठा छेद नाही. तारांची टोकं बाहेर वाकवून ठेवतात, वरून प्लॅस्टर. चार ते सहा आठवड्यांनी ओपीडीत पक्कडीनं ओढून काढतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण बहुतेक माणसं 'एवढंच?' म्हणतात. गिरगावातल्या जुन्या इमारतींना लाकडी टेकू लावतात तसं हे काम आहे, फरक इतकाच की हा टेकू खरोखरच वेळेवर निघतो.

तारेचे तोटे सरळ आहेत. जिथून ती बाहेर येते तिथं कधी कधी पू होतो. अंगठ्यामागून जाणारी कातडीची नस दुखावली तर तिथं मुंग्या येत राहतात. आणि हाड फारच ठिसूळ असेल, मागची बाजू भुगा झाली असेल, तर तारा त्याला नुसत्या आडव्या राहतात, वजन पेलत नाहीत. हाड हळूहळू खचतं.

तिसरा, प्लेट. तळव्याच्या बाजूनं, मनगटाच्या वर सहा-आठ सेंटीमीटरचा छेद घेऊन, स्नायू बाजूला करून हाडावर प्लेट बसवतात. पूर्वी ती हाताच्या मागच्या बाजूला बसवत आणि तिथल्या शिरा त्यावर घासत. (शिरा म्हणजे इथं रक्ताच्या नव्हेत, बोटं उघडझाप करणाऱ्या दोऱ्या.) 2000 सालच्या सुमारास मायामीतल्या होर्हे ऑर्बाय या सर्जननं तळव्याच्या बाजूची, स्क्रूची डोकी प्लेटमध्येच आट्यांनी अडकणारी प्लेट रूढ केली. स्क्रू प्लेटला धरून राहत असल्यामुळं हाड मऊ असलं तरी पकड सुटत नाही. हा खरोखर मोठा बदल होता. मोडलेला सांधा डोळ्यांनी बघून जुळवता येतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांत प्लॅस्टर काढून मनगट हलवायला सुरुवात करता येते. म्हणूनच जगभरच्या सर्जनांनी ती इतक्या उत्साहानं उचलली.

चौथा, बाहेरची चौकट. दोन पिना हातात, दोन पिना तळहाताच्या हाडात, आणि त्या बाहेरून दांड्यांनी जोडलेल्या. हाडाचा भुगा झाला असेल किंवा जखम घाण असेल तर सांध्याभोवतीच्या अस्थिबंधांना ताणून तुकडे जागेवर आणायचं हे तंत्र. मुंबईकरांनी यात लक्ष घालावं असं एक कारण आहे. याच तत्त्वावरची हलकी आणि स्वस्त चौकट मुंबईतल्याच डॉ. बी. बी. जोशी यांनी तयार केली. तिला जोशींच्या नावावरून 'जेस' म्हणतात, आणि ती वाकड्या पावलांच्या बाळांपासून चिरडलेल्या बोटांपर्यंत देशभर वापरली जाते. मनगटाच्या साध्या मोडीला मात्र ती आता कमी लागते. ताण जास्त झाला तर बोटं आखडतात.

आता पुरावा. ब्रिटनमधल्या 18 रुग्णालयांत 461 प्रौढ पेशंट निवडले. हाड मागं सरकलेलं, शस्त्रक्रियेची गरज आहे असं सर्जनांचं मत, पण सांधा बाहेरून ओढून जुळवता येण्यासारखा. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीनं काहींना तारा, काहींना प्लेट. निष्कर्ष 2014 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या हातांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पाच वर्षांनीही नव्हता. खर्च मात्र प्लेटचा जास्त. 2016 मध्ये तिथल्या 'नाइस' या सरकारी संस्थेनं डॉक्टरांना सांगून टाकलं की सांध्याला धक्का नसेल, किंवा सांधा उघडल्याशिवाय जुळत असेल, तर तारा वापरा. उघडल्याशिवाय जुळतच नसेल तर प्लेटचा विचार करा. म्हणजे आपला तोच प्रश्न: ओढून बसतंय का?

त्यानंतर त्याच मंडळींनी पुढचा प्रश्न विचारला. ओढून बसत असेल तर तार तरी कशाला, नुसतं प्लॅस्टर का नको? 36 रुग्णालयांतल्या 500 माणसांवरचा हा अभ्यास 2022 मध्ये आला. वर्षाअखेर पुन्हा दोन्ही हात सारखेच. पण नुसत्या प्लॅस्टरवाल्यांपैकी 13 टक्के माणसांचं हाड पहिल्या सहा आठवड्यांत सरकलं आणि त्यांना शस्त्रक्रिया करावीच लागली. तारवाल्यांत अशी वेळ एकावर आली. याचा अर्थ मी असा लावते: आठांपैकी सात माणसं तारेशिवाय सुटतात, पण आठव्याला वेळेत ओळखायचं असेल तर पहिले तीन आठवडे दर आठवड्याला एक्स-रे चुकवून चालणार नाही. गावी जायचंय, गणपती आलेत, म्हणून एक एक्स-रे राहिला आणि हाड वाकडं जुळून बसलं, असं आपल्याकडं फार होतं. कोकणात पंधरा दिवस जायचंच असेल तर नुसत्या प्लॅस्टरऐवजी तार मागून घ्या, असा सल्ला मी देते. पुस्तकात तो सापडणार नाही.

याच्या उलट बाजूचा पुरावाही आहे. काही अभ्यासांत पहिले तीन महिने प्लेटवाले थोडे पुढं असतात. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात प्लेटनं नुसत्या प्लॅस्टरला मागं टाकलं. ज्याचं पोट हातावर आहे त्याला तीन महिनेही मोठे असतात. खानावळ चालवणारी बाई, टॅक्सीवाला, लालबागच्या कारखान्यात मूर्तींवर हात फिरवणारा कारागीर आषाढात पडला तर? अशा माणसानं 'मला लवकर कामावर जायचंय' हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावं आणि प्लेट निवडली तर त्यात काही चूक नाही. फक्त लवकर आणि चांगलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं ठाऊक असावं.

आणखी एक गोष्ट, जी मला या अभ्यासांच्या प्रश्नावलीत खटकते. पेशंटला विचारतात: दाराची मूठ फिरवता येते का, सुरीनं मांस कापता येतं का, शर्टाची बटणं लावता येतात का, खुर्चीतून हातावर जोर देऊन उठता येतं का, दहा पौंडांचं ओझं नेता येतं का. ठीक आहे. पण आपले हात दुसरंही काही करतात. कुकरचं झाकण फिरवतात, ओली चादर पिळतात, गर्दीत लोकलची कडी धरून लोंबकळतात, जमिनीवरून उठताना तळवा पालथा टेकतात. आणि तीर्थ घेतात. तीर्थ घ्यायला हात पूर्ण उताणा व्हावा लागतो. मनगट वाकडं जुळलं की आधी जातं ते हेच. पोळी लाटता येते, लिहिता येतं, पण पळीतलं पाणी तळव्यात थांबत नाही, ओघळतं. घास घेतानाही तळवा तोंडाकडं वळावा लागतो, आणि आपण काट्या-चमच्यानं जेवत नाही. म्हणून तुम्ही काय करता, जमिनीवर बसता का, घरातलं पाणी भरता का, हे डॉक्टरांना न विचारता सांगा. जमिनीवरून उठणाऱ्या माणसाला मनगट मागं वळायला हवं, आणि त्याचा विचार उपचार ठरवताना व्हायला हवा.

प्लेट कुणाला लागतेच, तेही स्पष्ट सांगते. हाड मागं नव्हे तर तळव्याच्या बाजूला सरकलं असेल आणि सांध्याची कड तुटून पुढं घसरली असेल, तर तारांना ते धरवत नाही. सांध्याच्या पृष्ठभागावर पायरी पडली असेल आणि ओढूनही ती जात नसेल, तर उघडून जुळवावं लागतं, नाहीतर तरुणपणीच सांधा झिजतो. थरावरून किंवा मोटरसायकलवरून जोरात पडलेल्या पोरांची मनगटं पुष्कळदा अशीच असतात. तिथं शंका असेल तर सीटी स्कॅन सांगतात, तो उगाच नसतो. अशा पोराला तारांवर भागवलं आणि चाळिशीत मनगट दुखायला लागलं, तर वाचवलेल्या पैशांचा काही उपयोग नाही.

उलट टोकाला आपली सत्तरी ओलांडलेली आजी. ऑस्ट्रियात पासष्टीवरच्या 73 माणसांवर केलेल्या अभ्यासात, 2011 मध्ये, प्लेट आणि प्लॅस्टर यांत वर्षभरानंतर दुखणं आणि हालचाल सारखीच निघाली. प्लेटवाल्यांची मूठ थोडी घट्ट होती, पण गुंतागुंतीही त्यांच्यातच जास्त. एक्स-रेमध्ये प्लॅस्टरवाल्यांची हाडं वाकडी दिसत होती आणि तरी त्या हातांना त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. म्हणजे कोलिस चुकीचं बोलले नव्हते. आजीचा मुलगा एक्स-रे पडद्यावर धरून 'वाकडं दिसतंय हो' म्हणतो तेव्हा त्यानं आजीला विचारावं, तिला माळ ओढता येते का, चहाचा कप धरता येतो का. मात्र आजी एकटी राहत असेल, काठीवर चालत असेल आणि काठीचाच हात मोडला असेल, तर हिशेब बदलतो. तिथं लवकर उभं करणारी प्लेट बरी.

पैशांचं बोलायला माणसं लाजतात. लाजू नका. तारांची किंमत शेकड्यांत असते, प्लेट आणि स्क्रूंच्या संचाची हजारांत, त्यावर शस्त्रक्रियागृहाचं भाडं आणि मुक्काम वेगळा. टायटॅनियमची प्लेट हाड लवकर जोडते असं काही नाही. पोलादी प्लेटवरही हाड तितक्याच वेळात जुळतं. प्लेटच्या खोक्यावर किंमत आणि बॅच क्रमांकाचं स्टिकर असतं. ते बिलाला आणि डिस्चार्ज कार्डाला लावून मागा, पुढं प्लेट काढायची वेळ आली तर त्याच मापाचा स्क्रू-ड्रायव्हर शोधताना त्याचा उपयोग होतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपलं बसतं का, हे दाखल होण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. नंतर विचारलं तर कागद जुळत नाहीत. दहीहंडीच्या पथकातल्या पोरानं मंडळानं विमा काढलाय का ते विचारावं. आणि 'मेडिक्लेम आहे ना?' हा प्रश्न तुमच्या एक्स-रेवर कुणी नजर टाकण्याआधी आला, तर उपचार कशावरून ठरतोय ते तुम्हीच ओळखा. मी सगळ्या डॉक्टरांना एका माळेत ओवत नाही. परळच्या ओपीडीत दुपारी दोनपर्यंत चहासुद्धा न घेता एकेक मनगट ओढणारी निवासी डॉक्टर मुलंमुली मी पाहिली आहेत. पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं हेही उपचारातच येतं.

सही करण्याआधी इतकं विचारलंत तरी पुष्कळ: हाड ओढून बसलं का, आणि बसलं असेल तर टिकेल असं वाटतं का. सांध्यात पायरी आहे का. तारांवर केलं तर काय बिघडेल. माझ्या वयाला आणि कामाला काय बरं. पुढचा एक्स-रे कधी. ज्यांना या प्रश्नांचा राग येतो त्यांच्याकडून शस्त्रक्रिया करून घेण्याआधी जरा विचार करा.

इथवर झालं ते निम्मं काम. उरलेलं निम्मं तुमचं, आणि ते बहुतेकांचं बिघडतं. प्लॅस्टर घातल्यावर माणूस हात झोळीत टाकून बसतो, बोटंसुद्धा हलवत नाही, कारण 'हाड हलेल'. बोटं हलवल्यानं मनगटाचं हाड हलत नाही. न हलवल्यानं मात्र बोटं सुजतात, आखडतात, कधी कधी सगळा हात लाल, चकचकीत, आग आग होणारा होऊन बसतो, आणि ते दुखणं मोडलेल्या हाडापेक्षा जास्त छळतं. म्हणून पहिल्या दिवसापासून, जागं असताना दर तासाला: मूठ पूर्ण वळायची, बोटं पूर्ण सरळ करायची, अंगठा करंगळीच्या बुडाला लावायचा, कोपर वाकवायचं, खांदा डोक्यावर न्यायचा. सीरियलच्या प्रत्येक जाहिरातीला केलंत तरी दिवसाचा हिशेब बसतो. पहिले दिवस हात उशीवर, हृदयाच्या वर. प्लॅस्टरमध्ये दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं, बोटं बधिर झाली, निळसर पडली, तर गोळी घेऊन झोपू नका. रात्री कितीही वाजले असले तरी जा आणि प्लॅस्टर चिरून घ्या.

हाताचे व्यायाम ही काही चैनीची गोष्ट नाही, आणि त्यासाठी आपल्याला लांब जावं लागत नाही. ऑक्युपेशनल थेरपीचं भारतातलं पहिलं शिक्षण 1950 मध्ये परळच्या केईएममध्ये सुरू झालं. ते सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर मूळच्या अमेरिकेतल्या, लग्नानं निंबकर झालेल्या. त्यांच्या विषयाचं सूत्र असं की हाताला काम देऊनच हात बरा करायचा. प्लॅस्टर निघाल्यावर तुमच्या स्वयंपाकघरात ते सगळं साहित्य आहे. सैलसर कणकेचा गोळा दाबायचा, आधी दोन पोळ्यांचा, मग चारांचा. ओलं फडकं दोन्ही हातांनी पिळायचं, आधी रुमाल, मग पंचा. लाटणं मुठीत उभं धरून हळूहळू उताणं-पालथं करायचं; मघाशी तीर्थाचं म्हटलं ना, ते परत येतं ते याच व्यायामानं. गरम पाण्यात हात बुडवून केलंत तर सोपं जातं. भरलेली बादली मात्र डॉक्टर सांगेपर्यंत नाही. सुनेनं किंवा मुलानं 'राहू दे आई, मी करते' म्हणत सगळं हातातून काढून घेऊ नये, ही त्यांनाही विनंती.

प्लेट टाकलेल्यांसाठी एक वेगळी सूचना. प्लेट सहसा काढावी लागत नाही, ती आत राहिली तर बिघडत नाही. पण अंगठा वाकवताना मनगटाच्या आत कचकच जाणवली, घासल्यासारखं दुखलं, तर महिने किंवा वर्षं लोटली असली तरी डॉक्टरांकडं जा. प्लेटची कड जरा पुढं आली असेल तर अंगठ्याची दोरी तिच्यावर घासत राहते आणि एक दिवस तुटते. मग अंगठ्याचं टोक वाकतच नाही. मागच्या बाजूला लांब स्क्रू बाहेर आला असेल तर अंगठा सरळ करणारी दोरी जाते. आधी आलात तर प्लेट काढून भागतं.

आणि पन्नाशीनंतरच्या बायकांना खास. उभ्या उंचीवरून, घरातल्या घरात पडून मनगट मोडलं असेल तर फरशीला दोष देऊन विषय संपवू नका. हाडं ठिसूळ झाल्याची ती पहिली खबर असते, आणि जिचं मनगट आज मोडलं तिचा पुढं मणका किंवा खुबा मोडण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. मनगट मोडलं तर माणूस चालतंफिरतं राहतं. खुबा मोडला की घर उभं-आडवं होतं. प्लॅस्टर निघाल्यावर 'माझ्या हाडांची घनता तपासायची का' असं डॉक्टरांना स्वतःहून विचारा. हाडांच्या ओपीडीत गर्दी एवढी असते की हे सांगायचं पुष्कळदा राहून जातं. डेक्सा नावाची ती तपासणी दुखत नाही, सुई नाही. तिच्याबरोबर ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणीही विचारा. मुंबईत एवढं ऊन असून ते कमी असलेली माणसं घरोघरी आहेत. ठिसूळ हाडांसाठी गोळी लागली तर ती किती वर्षं घ्यायची, दातांचं मोठं काम आधी करून घ्यायचं का, हेही त्याच भेटीत विचारून घ्या, आणि जाताना मोडलेल्या मनगटाचा जुना एक्स-रे बरोबर ठेवा.